सुपरहिरोंच्या गोष्टी इतक्या काळ्या का झाल्या?

बॅटमॅन त्याचा जुना शत्रू, खुनी जोकर, याला एकदाचा मारून का टाकत नाही? हा प्रश्न बेळगावात आरपीडी क्रॉसवर चहाचा ग्लास हातात धरून विचारला जातो, टिळकवाडीतल्या गच्च्यांवर विचारला जातो, आणि खानापूरच्या बसमध्ये कॉलेजची पोरं एकमेकांच्या मोबाईलमध्ये डोकावत तावातावानं विचारतात. एकजण म्हणतो, "मारलं तर गोष्टच संपली की रे." दुसरा लगेच, "आणि तोवर जी माणसं मेली त्यांचं काय?" तिसरा, बहुधा वयानं मोठा, सांगतो की आमच्या वेळी कॉमिक्समधला वेताळ एकच ठोसा द्यायचा, गुंडाच्या हनुवटीवर कवटीचा ठसा उमटायचा आणि काम भागायचं, एवढं रक्त कशाला दाखवायचं पोरांना?

तिघंही एकाच वादात उतरलेत, पण तिघांचे मुद्दे निराळे आहेत. पहिला बोलतोय धंद्याबद्दल, दुसरा न्यायाबद्दल आणि तिसरा वाचकाच्या वयाबद्दल. कॉमिक्सचे वाचक जगभर हा वाद चाळीसएक वर्षं घालताहेत आणि तो मिटत नाही, त्याचं एक मोठं कारण हेच आहे की 'डार्क' या एका शब्दात प्रत्येकजण वेगळं काहीतरी कोंबतो. कुणासाठी डार्क म्हणजे मारामारी आणि रक्त. कुणासाठी डार्क म्हणजे नायकच धड चांगला नसणं. आणि काहींसाठी डार्क म्हणजे अशी गोष्ट, जी वाचून संपल्यावर जगाबद्दलची आशाच कमी होते. एखाद्या कॉमिकमध्ये रक्ताचा थेंब नसेल, तरी ते या तिसऱ्या अर्थानं अतिशय काळं असू शकतं.

आपल्या भागात या वादाला आणखी एक पदर आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरांत एकाच छताखाली तीन पिढ्यांचे तीन वेगळे नायक नांदतात. मामा-काकांची पिढी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढली. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनानं १९६४ साली ती सुरू केली, ली फॉकचा फँटम मराठीत वेताळ होऊन आला, आणि १९९० साली ती बंद पडेपर्यंत घरोघरी वाचली गेली. त्यानंतरची पिढी हिंदीतल्या राज कॉमिक्सवर पोसली गेली: नागराज, सुपर कमांडो ध्रुव, डोगा. शाळा मराठी किंवा कन्नड असली तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्यानं आणायचं कॉमिक हिंदी. आणि आजची मुलं सिनेमांवरून थेट इंग्रजी मूळ पुस्तकांकडे जातात. त्यामुळे दिवाळीत सगळे एकत्र जमले की 'सुपरहिरो कसा असावा' यावर एकमत होणं अवघडच. प्रत्येकानं काळोखाची वेगळी मात्रा घेतलेली असते.

सुरुवातीचे नायक सोज्वळ नव्हते

पूर्वी सगळं निर्मळ होतं आणि मग कुणीतरी बिघडवलं, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅन आणला, तेव्हाचा सुपरमॅन रागीट होता. पहिल्याच गोष्टीत तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो. पुढे एका गोष्टीत तो गरिबांची पडकी वस्तीच्या वस्ती जमीनदोस्त करतो, का तर सरकारला तिथं नवी घरं बांधावीच लागावीत. १९३९ साली बॉब केन आणि बिल फिंगर यांचा बॅटमॅन आला. पहिल्या गोष्टीत गुन्हेगार ॲसिडच्या टाकीत पडून मरतो आणि बॅटमॅनला त्याचं काहीही वाईट वाटत नाही. सुरुवातीच्या काही गोष्टींत तो बंदूकसुद्धा वापरतो. पुढे संपादकांनीच बंदूक आणि खून बंद करायला लावले. १९४० साली बॅटमॅनचा छोटा साथीदार रॉबिन आला, मुलांना आपल्या वयाचा सोबती मिळाला, खप वाढला, आणि बॅटमॅन हळूहळू हसू लागला.

नायक खऱ्या अर्थानं धुऊन-पुसून स्वच्छ झाले ते १९५४ साली. त्या काळात अमेरिकेत गुन्हेगारी आणि भयकथांची कॉमिक्स तुफान खपत होती. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं त्या वर्षी एक पुस्तक लिहून सांगितलं की कॉमिक्स वाचून मुलं गुन्हेगार होतात. सिनेटच्या उपसमितीपुढं सुनावणी झाली. सरकार बंदी आणेल या भीतीनं प्रकाशकांनी स्वतःच एक नियमावली लादून घेतली, कॉमिक्स कोड. तिच्यात लिहिलं होतं की प्रत्येक गोष्टीत चांगल्याचा वाइटावर विजय झालाच पाहिजे, गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, पोलीस आणि न्यायाधीश यांच्याबद्दल अनादर निर्माण होता कामा नये. पिशाच्चं आणि झोंबी यांच्यावर बंदी आली. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर विक्रेते अंक ठेवायचे नाहीत. कित्येक वर्षांनी, २०१२ साली, कॅरल टिली या संशोधिकेनं वर्थमची मूळ कागदपत्रं तपासली आणि त्यानं मुलांच्या मुलाखतींत फेरफार केल्याचं दाखवून दिलं. तोवर एक अख्खी कला दोन पिढ्या मुलांच्या खोलीत कोंडून पडली होती.

मला हा कोड महत्त्वाचा वाटतो तो अशासाठी, की पुढची सगळी 'डार्क' लाट त्याच्याविरुद्धचा उद्रेक आहे. आधी झाकण इतकं घट्ट लावलं नसतं तर वाफ इतक्या जोरात बाहेर आली नसती.

झाकण पहिल्यांदा उचललं गेलं १९७१ साली, आणि तेही सरकारच्याच पत्रामुळं. अमेरिकेच्या आरोग्य खात्यानं स्टॅन ली यांना विचारलं की अमली पदार्थांविरुद्ध एखादी गोष्ट लिहाल का. त्यांनी स्पायडरमॅनच्या तीन अंकांत ती लिहिली. कोडनं शिक्का द्यायला नकार दिला, कारण अमली पदार्थाचा उल्लेखच वर्ज्य होता. अंक शिक्क्याविना निघाले आणि व्यवस्थित खपले. त्याच वर्षी कोड सैल झाला. दोन वर्षांनी, १९७३ साली, स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली फेकली गेली. त्यानं जाळं टाकून तिला धरलं, आणि त्याच झटक्यानं तिची मान मोडली. नायकानं वाचवायला टाकलेल्या दोरीनंच तिचा जीव गेला. वाचक हादरले, चिडले, प्रकाशकाला पत्रांवर पत्रं गेली. आज मागं वळून पाहताना बहुतेक जाणकार सुपरहिरोंच्या निरागस काळाचा शेवट या अंकावर धरतात.

दुकान बदललं, गोष्ट बदलली

आता एक कोरडा वाटेल असा भाग, पण याच्याशिवाय पुढचं कळत नाही. पूर्वी अमेरिकेत कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर मिळायची. न खपलेले अंक विक्रेता परत करायचा. त्यामुळे कॉमिक असं असावं लागायचं की रस्त्यानं जाणाऱ्या कुठल्याही मुलानं उचलावं आणि आईनं बघितलं तरी हरकत घेऊ नये. सत्तरच्या दशकात फिल सुलिंग यांच्यासारख्या माणसांनी दुसरी व्यवस्था उभी केली: फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं. तिथं अंक स्वस्तात मिळायचे, पण परत करता यायचे नाहीत. दुकानदार मोजूनमापून, नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी मागवायचा. आणि नेहमीचं गिऱ्हाईक म्हणजे कोण? लहानपणी वाचायला लागलेला, आता विशी-पंचविशीत असलेला तरुण. त्याला कोडच्या शिक्क्याशी देणंघेणं नव्हतं. त्याच्या वयाबरोबर गोष्टींचं वय वाढत गेलं.

आपल्याकडे हे घडलंच नाही. इंद्रजाल शेवटपर्यंत घरातल्या सगळ्यांसाठीच राहिलं. म्हणून आपल्या मामा-काकांना आजचं एखादं कॉमिक हातात घेतल्यावर जो धक्का बसतो तो अगदी खरा आहे. मधला सगळा प्रवास त्यांनी पाहिलेलाच नसतो.

१९८६

या वर्षी दोन पुस्तकं अंकांच्या रूपात येऊ लागली आणि सगळं बदललं. वादात दोन्ही बाजू यांचाच दाखला देतात, म्हणून इथं थोडं थांबायला हवं.

पहिलं फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स'. चार अंक. बॅटमॅन पंचावन्न वर्षांचा झालाय, दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालाय, शहर सडलंय, टीव्हीवरचे तज्ज्ञ अखंड बडबडताहेत. म्हातारा पुन्हा मुखवटा चढवतो. हाडं मोडतात, रक्त सांडतं, आणि शेवटी तो सुपरमॅनशी भिडतो. या पुस्तकानं पुढच्या सगळ्या कठोर बॅटमॅनना जन्म दिला. पण त्यातलं एक दृश्य त्याचे चाहते फार लवकर विसरतात. बॅटमॅनच्या मागं आलेल्या हिंसक पोरांच्या टोळीसमोर तो एक बंदूक मोडून टाकतो आणि हे शत्रूचं हत्यार आहे, असं बजावतो. इतकी काळी गोष्ट, पण एक रेघ तिथंही ओढलेली आहे. नंतर नक्कल करणाऱ्यांनी हाडं मोडणं उचललं आणि बंदूक मोडणं सोडून दिलं.

दुसरं ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन'. १९८६-८७ मध्ये बारा अंक. मूरचा प्रश्न साधा होता: खरोखरच्या जगात माणसं मुखवटे घालून रात्री गल्ल्यांतून फिरू लागली तर ती कसली माणसं असतील? त्याचं उत्तर भयंकर आहे. एक एकाकी, मळका, निर्दय. एक पोट सुटलेला, हताश. एकाला देवासारखी ताकद मिळालीय आणि त्यामुळंच माणसांबद्दलची आपुलकी आटत चाललीय. एक इतका हुशार की जग वाचवण्यासाठी लाखो माणसं मारायचा हिशेब तो शांतपणे मांडतो.

पण 'वॉचमेन' मोठं का, याचं माझं उत्तर या नायकांपाशी नाही. त्या पुस्तकात रस्त्याच्या कोपऱ्यावर एक वर्तमानपत्रवाला आहे. त्याच्या स्टॉलशेजारी एक पोरगा बसून फुकटात कॉमिक वाचत असतो. अंकामागून अंक आपण त्यांना भेटतो. वर्तमानपत्रवाला बडबड करतो, पोरगा लक्ष देत नाही. गोष्टीशी त्यांचा काही संबंध नाही असंच वाटत राहतं. अकराव्या अंकाच्या शेवटी, जेव्हा तो भयंकर हिशेब अमलात येतो, तेव्हा ते दोघं एकमेकांना मिठी मारतात आणि पान पांढरं होत जातं. लाखो माणसं मेली हा आकडा आपल्याला हलवत नाही. हे दोघं मेले, हे हलवतं. मूरनं अकरा अंक खर्च करून आपल्याला त्यांची ओळख करून दिली होती, ती यासाठी.

माझं सगळं म्हणणं इथं आहे. गोष्ट किती काळी आहे, हा प्रश्न दुय्यम आहे. ज्याला जखम झाली त्याला गोष्ट लक्षात ठेवते का, हा खरा प्रश्न. लक्षात ठेवत असेल तर काळोख कितीही दाट असू दे, तो मी वाचीन आणि दुसऱ्याला वाचायला देईन. विसरत असेल तर तो काळोख नुसता रंग आहे.

विसरणाऱ्या गोष्टी

१९८६ नंतर प्रकाशकांना कळलं की काळोख खपतो. १९८८ साली डीसीनं, म्हणजे बॅटमॅन आणि सुपरमॅनच्या प्रकाशकानं, एक प्रयोग केला. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, वाचकांना फारसा आवडत नव्हता. जोकरनं त्याला सळईनं बेदम मारलं, स्फोट झाला, आणि अंकाच्या शेवटी दोन फोन नंबर छापले: एक तो जगावा म्हणून, दुसरा मरावा म्हणून. छत्तीस तास फोन चालू होते. मरावा म्हणून ५३४३ आणि जगावा म्हणून ५२७१. बहात्तर मतांनी एक मुलगा मेला. पुढं २००५ साली त्यालाही जिवंत करून परत आणलं.

इथं 'मारलं तर गोष्टच संपली' या उत्तराचा खरा अर्थ कळतो. बॅटमॅन आणि जोकर या दोन न संपणाऱ्या मालिका आहेत, कंपनीच्या मालकीच्या. गोष्टीच्या आत कारण दिलं जातं की एकदा ती रेघ ओलांडली तर बॅटमॅन परत फिरू शकणार नाही. ते कारण चांगलं आहे, मला पटतंही. पण गोष्टीच्या बाहेरचं कारण असं की जोकर दर महिन्याला लागतो. आणि मालिका संपतच नसेल तर तिच्यातल्या काळोखाला परिणाम कुठून येणार? दर वेळी नवा लेखक येतो, मागच्यापेक्षा जास्त भयंकर काहीतरी घडवतो आणि पुढच्या वर्षी ते पुसून टाकतो. १९९२ साली सुपरमॅन मेला, लाखोंनी अंक विकले गेले, १९९३ साली तो परत आला. नव्वदचं दशक असंच गेलं: दात आवळलेले चेहरे, अंगाएवढ्या बंदुका. लोक अंक वाचण्याऐवजी गुंतवणूक म्हणून साठवू लागले, मग तो फुगा फुटला आणि १९९६ च्या अखेरीस स्पायडरमॅनच्या प्रकाशकाला, मार्व्हलला, दिवाळखोरी जाहीर करावी लागली.

त्यातही डीसीच्या संपादकांनी एक चांगली खेळी केली. १९९३ साली बेन या खलनायकानं बॅटमॅनचा कणा मोडला आणि त्याच्या जागी ॲझ्राएल नावाचा कठोर, हिंसक नवा बॅटमॅन आणला. तुम्हाला निर्दय बॅटमॅन हवाय ना, मग हा घ्या. वाचकांनी तो पाहिला आणि थोड्याच दिवसांत जुन्या बॅटमॅनची मागणी सुरू झाली.

बार्बरा गॉर्डन

या वादातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्तिरेखा माझ्या मते बॅटमॅन नव्हे, बार्बरा आहे. पोलीस कमिशनर गॉर्डनची मुलगी, ग्रंथपाल, आणि रात्री बॅटगर्ल. १९८८ साली मूर आणि चित्रकार ब्रायन बोलंड यांच्या 'द किलिंग जोक' मध्ये ती दार उघडते आणि समोर उभा जोकर तिला गोळी घालतो. ती कमरेखाली लुळी पडते. तो तिचे विवस्त्र फोटो काढतो, तिच्या बापाला वेड लावण्यासाठी. बोलंडची चित्रं विलक्षण सुंदर आहेत आणि पुस्तक आजही गाजतं. पण त्यात बार्बराला काय वाटलं, हे नाहीच. तिची वेदना हे तिच्या बापाची आणि बॅटमॅनची परीक्षा घ्यायचं साधन आहे. मूरनं स्वतः पुढं कबूल केलंय की ती हिंसा प्रमाणाबाहेर गेली.

कंपनीला तिचं पुढं काही करायचं नव्हतं. मग जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक जोडप्याला ते खुपलं. १९८९ साली त्यांनी तिला 'सुइसाइड स्क्वॉड' या मालिकेत परत आणलं, व्हीलचेअरवर, ओरॅकल या नावानं. संगणक आणि माहिती यांच्या जोरावर ती साऱ्या नायकांचा मेंदू बनली. तिच्या मनातला राग, भीती, दार वाजलं की होणारी धडधड, हे सगळं त्यांनी लिहिलं. ती पुन्हा चालू लागली नाही. त्या जगात माणसं मरून परत येतात, पण तिची जखम वीसेक वर्षं तशीच ठेवली गेली आणि त्यातून एक संपूर्ण माणूस उभं राहिलं. २०११ साली कंपनीनं सगळी विश्वं नव्यानं मांडली तेव्हा बार्बराला पुन्हा पायांवर उभं करून बॅटगर्ल बनवलं. 'अंधार कमी केला' म्हणून आनंद व्हायला हवा होता. अनेक अपंग वाचकांना मात्र फार वाईट वाटलं. आपल्यासारखी एकमेव मोठी नायिका त्यांच्याकडून काढून घेतली गेली होती.

म्हणजे एकाच जखमेच्या दोन गोष्टी आहेत. घटना तीच, काळोख तोच. एका गोष्टीत जखमी बाई सामान होती, दुसरीत ती माणूस झाली. कुणी विचारलं की काळी गोष्ट चांगली कशी ओळखायची, तर मी हीच दोन पुस्तकं शेजारी ठेवते.

बार्बरा एकटी नव्हती. १९९४ साली ग्रीन लँटर्न या नायकाच्या प्रेयसीला मारून तिचं प्रेत फ्रीजमध्ये कोंबल्याचं दाखवलं. १९९९ साली गेल सिमोन या चाहतीनं (त्या वेळी त्या केशकर्तनाचं काम करायच्या) नुसती एक यादी केली: नायकाला दुःख व्हावं एवढ्यासाठी मारलेल्या, लुळ्या केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या बायकांची. यादी लांबलचक झाली. पुढं त्या स्वतः लेखिका झाल्या आणि ओरॅकलच्या कितीतरी उत्तम गोष्टी त्यांनी लिहिल्या.

डोगा, ध्रुव आणि आपलं महाभारत

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद परका वाटू नये. राज कॉमिक्समध्ये तो शेजारी-शेजारी उभा आहे. ध्रुव सर्कशीत वाढलेला पोरगा. ज्युपिटर सर्कस जळाली, आई-बाप गेले, तरी कुणाचा जीव घ्यायचा नाही हे त्याचं व्रत. डोगा कचऱ्यात सापडलेलं बाळ, डाकूनं क्रूरपणे वाढवलेला. मुंबईत कुत्र्याचा मुखवटा घालून तो गुन्हेगारांना सरळ ठार करतो. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत नव्वदच्या दशकात 'डोगा बरोबर की ध्रुव' यावरून पोरांची भांडणं व्हायची. माझा थोरला भाऊ कट्टर डोगावाला. मी ध्रुवाच्या बाजूची, अजूनही आहे. पण डोगाच्या चांगल्या गोष्टींत त्याचं बालपण सतत आठवत राहतं. तो कुणाला मारतो तेव्हा आपल्याला बरं वाटतं आणि लगेच त्या बरं वाटण्याचीच भीती वाटते. तो काळोख कमावलेला आहे.

आणि त्याही आधी आपल्याकडे महाभारत आहे. झोपलेल्या पोरांना कापणारा अश्वत्थामा, रथाचं चाक रुतलेला कर्ण, घेरून मारलेला अभिमन्यू. विजयी पांडवांनाही शेवटी राज्य गोड लागत नाही. एस. एल. भैरप्पांनी १९७९ साली कन्नडमध्ये 'पर्व' लिहिलं. मूळ बेळगावच्या उमा कुलकर्णी यांनी ते मराठीत आणलं, आणि आपल्या भागात ते दोन्ही भाषांत वाचलं गेलं. भैरप्पांनी महाभारतातले वर, शाप, चमत्कार काढून टाकले. उरली ती म्हातारी होत चाललेली, हेव्यादाव्यांनी पोखरलेली, थकलेली माणसं. मूरनं सुपरहिरोंचं जे केलं ते भैरप्पांनी सात वर्षं आधी महाभारतातल्या वीरांचं केलं होतं. 'पर्व' वाचलेल्या माणसाला 'वॉचमेन' हातात द्या, त्याला वाट लगेच सापडेल.

बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतही हे दिसतं. रात्रभर चालणाऱ्या त्या मिरवणुकीत सिंहगडाचा देखावा असला आणि तानाजी पडला, की गड जिंकल्याचा जल्लोष पुरेसा होत नाही. महाराजांना ती बातमी कळते तो क्षणही दाखवावाच लागतो. तो नसेल तर बघणाऱ्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

ती कवटी

काळ्या नायकांचं एक संकट पानाबाहेरही येतं. १९७४ साली गेरी कॉनवे यांनी पनिशर निर्माण केला. कुटुंब मारलं गेल्यावर गुन्हेगारांची शिकार करणारा माजी सैनिक, छातीवर मोठी पांढरी कवटी. अमेरिकेत सैनिक आणि पोलीस ती कवटी आपल्या गाड्यांवर लावू लागले. कॉनवे यांनी याला जाहीर विरोध केला, कारण पनिशर म्हणजे न्यायव्यवस्था कोलमडल्याची खूण, आणि कायदा राखणाऱ्यानंच ती मिरवावी हे त्यांना भयंकर वाटलं. २०१९ साली मार्व्हलच्याच एका अंकात पनिशर पोलिसांच्या गाडीवरचा तो स्टिकर फाडतो आणि त्यांना सांगतो की आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिकाला माना. आपल्याकडेही बुलेटच्या टाकीवर आणि टी-शर्टवर ही कवटी दिसते. बहुतेकांना ती नुसती रुबाबदार नक्षी वाटते. 'वॉचमेन' मधल्या रोरशाकचं, त्या एकाकी, मळक्या, निर्दय नायकाचं, तेच झालं. मूरनं तो इशारा म्हणून रंगवला आणि हजारो तरुणांनी त्याला दैवत केलं. लेखक काळोख कशासाठी लिहितो आणि वाचक तो कशासाठी घेतो, यात असं अंतर पडतं, आणि ते भरून काढायला लेखकाच्या हातात फार काही नसतं.

उजेडाची बाजू

उजळ गोष्टी म्हणजे पोरकट गोष्टी, असं डार्कवाले म्हणतात. त्यांना मी १९९६ चं 'किंगडम कम' वाचायला सांगते. मार्क वेड आणि ॲलेक्स रॉस यांनी त्यात नव्वदच्या दशकातल्या निर्दय नायकांना थेट प्रश्न विचारलाय: एक नवा नायक जोकरला मारून टाकतो, लोक टाळ्या वाजवतात, सुपरमॅन निराश होऊन निघून जातो, आणि पुढं काय होतं? आणि ग्रँट मॉरिसन व फ्रँक क्वाइटली यांचं 'ऑल-स्टार सुपरमॅन' (२००५ ते २००८). त्यात स्वतः मरणाच्या वाटेवर असलेला सुपरमॅन, शेकडो कामं उरकायची असताना, इमारतीच्या कठड्यावर जीव द्यायला उभ्या असलेल्या एका मुलीपाशी येतो. तिला मिठी मारतो, तू वाटतं त्यापेक्षा खूप कणखर आहेस असं सांगतो. एकच पान. त्यात मृत्यू आहे, निराशा आहे, सगळं आहे, आणि त्या मुलीचं नाव आहे. २०१३ च्या सिनेमात सुपरमॅननं झॉड या खलनायकाची मान मोडली तेव्हा जे चाहते दुखावले, ते याच सुपरमॅनच्या ओढीनं दुखावले होते. २०२५ चा सिनेमा पुन्हा हसऱ्या, दयाळू सुपरमॅनकडे वळला आणि वाद नव्यानं पेटला.

घरातल्या मुलांचं काय?

हा प्रश्न आईवडील सारखा विचारतात आणि तो रास्त आहे. जुना कोड आता नाही. मार्व्हलनं तो २००१ साली सोडला, डीसीनं २०११ साली, आणि तो संपला. त्याऐवजी वयाच्या खुणा आल्या. डीसीची प्रौढांसाठीची पुस्तकं २०१८ पासून 'ब्लॅक लेबल' नावाखाली निघतात आणि त्यांच्यावर १७+ छापलेलं असतं. पण जुन्या आवृत्त्यांवर अशी खूण असेलच असं नाही, आणि मुखपृष्ठावर बॅटमॅन दिसला की ते मुलांचं, असं समजून पुस्तक घरी आणलं जातं. 'द किलिंग जोक' तर पातळसं पुस्तक आहे, दहा वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला द्यावं असं दिसणारं. देऊ नका.

दहा-बारा वर्षांच्या मुलामुलीला ध्रुव द्या, जुनं इंद्रजाल कुठं जपलेलं असेल तर ते द्या, आणि इंग्रजी वाचत असेल तर बाराव्या-तेराव्या वर्षी 'ऑल-स्टार सुपरमॅन'. 'डार्क नाइट रिटर्न्स' पंधरा-सोळाच्या पुढं. 'वॉचमेन' सतरा-अठराच्या आधी नको. त्यातल्या बलात्काराच्या प्रयत्नाच्या प्रसंगासाठी तर नकोच, आणि मुख्य म्हणजे त्या वयाआधी तो रोरशाक नुसता भारी वाटण्याचा धोका फार. आणि मुलांनी आधीच मोबाईलवर सगळं पाहिलेलं असेल, जे बहुधा झालेलंच असतं, तर पुस्तक हिसकावून घेऊ नका. त्यात मेलेल्या माणसांपैकी कुणाचं नाव आठवतं, एवढं विचारा.